हॅचबॅकवर दोन सायकली न्यायच्यात: डिकीचा, टपावरचा की हिचचा रॅक?

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत परत मांडतो, चुकलं असेल तर सांगा. गाडी हॅचबॅक आहे आणि मागे स्पॉयलर आहे. सायकली दोन, एक तुमची कार्बनची रोड बाइक आणि एक मिसेसची हायब्रिड, लेडीज फ्रेमची, मडगार्डवाली. वर्षभरात त्यांच्यासाठी ई-बाइक घ्यायचं चाललंय. घरात होम जिमने एक खोली आधीच खाल्लीय त्यामुळे रॅक ठेवायला जागा फारशी नाही. आणि रिव्ह्यू वाचून वाचून डोक्याचा भुगा झालाय, कारण एकाच स्ट्रॅपवाल्या रॅकला निम्मे लोक डोक्यावर घेऊन नाचतायत आणि निम्मे म्हणतायत गाडीचा रंग गेला, पैसे वाया. मग घ्यायचा कुठला, डिकीच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचा, टपावरचा, की हिचचा, म्हणजे ट्रेलर ओढायला गाडीमागे बसवतात त्या टो बारवरचा?

मी सायकल रिपेअरचं वर्कशॉप चालवतो, रॅक विकणं, बसवून देणं आणि चुकीचा बसवलेला काढून परत बसवणं हे त्यातच येतं. तुम्ही कंपनी विचारताय, पण तुमच्या केसमध्ये कंपनी सगळ्यात शेवटी येते. आधी दोन गोष्टी ठरवायच्या, वजन गाडीच्या नेमक्या कुठल्या भागावर येणार आणि सायकल नेमकी कुठे धरली जाणार. ह्या दोन्हीची उत्तरं मिळाली की रॅकचा प्रकार आपोआप ठरतो, मग कंपनी बजेटप्रमाणे घ्या.

आधी रिव्ह्यूंचं बोलतो कारण गोंधळ तिथूनच सुरू झालाय. दोन्हीकडचे लोक खरंच बोलतायत हो. तोच रॅक सेडानच्या पत्र्याच्या डिकीवर छान बसतो आणि स्पॉयलरवाल्या हॅचबॅकवर लटपटतो. एकजण महिन्यातून एकदा गाडी पुसून लावतो आणि संध्याकाळी काढतो, दुसरा एकदा लावला की पावसाळाभर काढतच नाही, आता दोघांचा अनुभव सारखा कसा येणार. मी रिव्ह्यू वाचताना बॉक्स उघडल्या दिवशी लिहिलेले सगळे सोडून देतो, पाच स्टार असोत की एक. त्यानंतर आपल्यासारखीच गाडी आणि आपल्यासारखीच सायकल असलेला माणूस शोधायचा, आणि त्याने किती दिवस वापरलाय ते बघायचं. वाईट रिव्ह्यूचे पण दोन ढीग करायचे. "माझ्या गाडीला बसला नाही" हा एक ढीग, तो बहुतेक वेळा घेणाऱ्याने फिट चार्ट, म्हणजे कुठल्या गाडीला कुठला रॅक बसतो त्याचा कंपनीचा तक्ता, न बघितल्याचा असतो. दुसरा ढीग वस्तूच्या दोषाचा, म्हणजे बकल सरकतं, लॉक गंजून जाम झालं, वेल्ड तडकलं. हीच तक्रार वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी केलेली दिसली तर तिच्यावर विश्वास ठेवायचा आणि तो रॅक घ्यायचा नाही, मग त्याला चार पॉइंट काहीतरी रेटिंग असलं तरी.

आता स्ट्रॅपवाला रॅक. ही एक घोडी असते, तिचे रबरी पाय डिकीच्या दारावर टेकतात आणि चार ते सहा पट्टे हुकांनी दाराच्या कडांना अडकवून खेचायचे. ह्यात जवळजवळ सगळा भार वरच्या दोन पट्ट्यांवर असतो, खालचे आणि बाजूचे पट्टे फक्त रॅक हलू देत नाहीत. म्हणून वरचा हुक कशात अडकतोय एवढं एकच बघितलं तरी निम्मं काम झालं. दार उघडा, जिथे हुक बसणार त्या कडेवर बोट फिरवा आणि अंगठ्याने जोर देऊन दाबा. दुमडलेला पत्रा असेल तर कड अजिबात दबणार नाही. तुमच्या गाडीला तिथे स्पॉयलर आहे, तो प्लॅस्टिकचा असतो आणि क्लिपांवर नाहीतर चार स्क्रूंवर बसवलेला असतो, वारा कापायला ठीक, पण त्याच्यावर दोन सायकलींचं वजन खालच्या बाजूला ओढत राहील हे धरून तो बनवलेलाच नसतो. काही नवीन गाड्यांचं मागचं अख्खं दारच प्लॅस्टिकचं असतं, काहींची हुकाची जागा काचेच्या कडेवर येते, आणि काचेवर साधा हुक लावला तर काच जाऊ शकते. रॅक कंपनीच्या फिट चार्टमध्ये गाडीचं मॉडेल आणि वर्ष टाकून बघा. तिथे नाही म्हटलं असेल तर नाहीच, "मी लावून बघितला, काही झालं नाही" म्हणणारा एक तरी माणूस नेटवर सापडतोच, त्याच्या नादी लागू नका.

स्पॉयलरच्या वरून कमानीसारखे जाणारे रॅक मिळतात, सारिसचा बोन्स त्यातला सगळ्यांनी फोटोत पाहिलेला. रॅक स्पॉयलरला न टेकता बसतो, पण हुक कडेलाच लागतात, त्यामुळे कडेची टेस्ट तिथेही करायचीच.

रंग जाण्याचं कारण बहुतेक वेळा धूळ असते. पॅडचं रबर मऊच असतं, पण पॅड आणि रंगाच्या मधे जी बारीक माती अडकते ती प्रत्येक खड्ड्याला घासत राहते. लावायच्या आधी ओल्या फडक्याने पॅड आणि गाडीची ती जागा पुसायची, शक्य असेल तर पॅड टेकतात तिथे पारदर्शक पीपीएफचे (रंग वाचवायच्या फिल्मचे) तुकडे चिकटवून टाकायचे. पट्ट्यांची सुटी टोकं गुंडाळून बांधायची, ती वाऱ्याने फडफडून रंगावर आपटतात. आणि पट्टा लांब असेल तर त्याला एक पीळ द्या, सपाट पट्टा वाऱ्यात घूंSS करत थरथरतो आणि अर्धा तास ते ऐकलं की डोकं दुखतं. निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी थांबून पट्टे परत एकदा खेचायचे, कारण पॅड दबतात, पट्टे थोडे ताणतात आणि सुरुवातीची पकड सैल होते. कसं ओळखायचं नीट बसलाय? रॅकवरची सायकल दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. सायकलबरोबर अख्खी गाडी डुलली तर बसलाय. नुसती सायकल आणि रॅक डुलले तर परत खोला.

आणि हो, गाडीचं मागचं दार बटणावर किंवा पाय दाखवल्यावर आपोआप उघडणारं असेल तर रॅक असताना ते सेटिंग बंद करून ठेवा.

आता तुमची कार्बन. कार्बनची फ्रेम चालवताना जे जोर येतात ते धरून बनवलेली असते, त्या दिशेने ती भरपूर मजबूत. पण पाइपला बाजूने चिमटलं तर तिथे भिंत पातळ असते आणि तो जोर घेण्यासाठी ती बनवलेली नसते. माझ्याकडे एक सायकल करकर आवाजाची तक्रार घेऊन आली होती. टपावरच्या ट्रेचा (सायकलची चाकं ज्यात ठेवतात त्या पन्हळीचा) जबडा फ्रेमच्या खालच्या जाड पाइपवर बसायचा आणि मालक सायकल हलता कामा नये म्हणून नॉब पिळत जायचे. पाइपवर जबड्याच्या आकाराची केसाएवढी रेघ होती, रंगावरचा चरा वाटावा अशी. नाण्याने हळू टकटक केलं तर रेघेच्या दोन्ही बाजूंना टणटण आवाज आणि बरोब्बर रेघेवर बद्द. आतले थर सुटले होते, ती फ्रेम मी चालवायला परत दिली नाही. काही चांगल्या ट्रेंच्या नॉबमध्ये ठराविक जोरानंतर कटकट करून सुटायची सोय असते, तरी मी कार्बनला फ्रेमवर पकडणारा रॅक सुचवत नाही. सायकलच्या मॅन्युअलमध्ये पण बघा, बऱ्याच कंपन्या फ्रेम क्लॅम्प करू नका असं स्पष्ट छापतात.

मग धरायची कुठे? चाकाला. काही रॅकमध्ये एक दांडा पुढच्या टायरवर येऊन चाक खाली दाबून धरतो, फ्रेमला काहीच लागत नाही. कार्बनला हे उत्तम. पण गंमत अशी की तुमच्या हायब्रिडला फुल मडगार्ड आहे, तो दांडा मडगार्डवर बसला तर मडगार्ड वाकतो, त्यामुळे तिला फ्रेम पकडणारा ट्रे बरा, साध्या मेटल फ्रेमला मऊ जबडा व्यवस्थित चालतो. म्हणजे दोन सायकलींना दोन वेगळे ट्रे लागू शकतात आणि त्यात काही वावगं नाही.

दुसरा प्रकार पुढचं चाक काढून ते धरणारा चिमटा (फोर्क) रॅकला लॉक करायचा. पकड एकदम घट्ट, उंची कमी. पण तुमच्या पुढच्या चाकाचा ॲक्सल, म्हणजे मधला आस, कुठला आहे ते बघून घ्या, जुन्या क्विक रिलीजला (खटका उघडून चाक निघतं तो प्रकार) चिमट्यात ९ मिमीची खाच असते आणि आताच्या डिस्कवाल्या रोड बाइकना बहुतेक १२ बाय १०० मिमीचा थ्रू ॲक्सल (चिमट्यातून आरपार जाणारा दांडा), त्याला अॅडॅप्टर वेगळा लागतो. हायड्रॉलिक डिस्क असेल तर चाक काढल्यावर दोन पॅडच्या मधे प्लॅस्टिकची चकती घाला, नाहीतर कुणीतरी सहज ब्रेक दाबतं आणि पिस्टन पुढे येऊन बसतात, मग चाकाची ब्रेकची चकती (रोटर) आत जात नाही.

लेडीज फ्रेमला वरचा आडवा पाइप नसतो, त्यामुळे टांगायच्या रॅकवर ती वाकडी लोंबते. त्यासाठी हँडलच्या स्टेमपासून सीटच्या पाइपपर्यंत लावायचा नकली दांडा मिळतो. हलक्या सायकलीला ठीक, ई-बाइकला मी नाही लावणार.

टपावरच्या रॅकचा आता हिशोब करू. गाडीच्या मॅन्युअलमध्ये रूफ लोड, म्हणजे टपावर चालणारं वजन, दिलेला असतो, लहान गाड्यांना साधारण ५० ते ७५ किलो. हा गाडी चालत असतानाचा आकडा आणि ह्यात क्रॉसबार (टपावरचे आडवे दांडे, ज्यांच्यावर ट्रे बसतो), ट्रे, सायकली सगळं धरायचं असतं, लोक फक्त सायकलींचं वजन मोजतात. समजा तुमची मर्यादा ५० आहे. क्रॉसबारची जोडी ६ किलो, दोन ट्रे मिळून ९, रोड बाइक साडेआठ, हायब्रिड १५. बेरीज साडेअडतीस, आरामात बसतं. उद्या हायब्रिडच्या जागी २४ किलोची ई-बाइक आली तर साडेसत्तेचाळीस, टप अजूनही हो म्हणतोय. पण टपावरच्या बऱ्याच ट्रेंची मर्यादा एका सायकलीला २० किलोच्या आसपास असते, तिथे गाडं अडतं. गाडीचा, बारचा, ट्रेचा असे जेवढे आकडे असतील त्यातला सगळ्यात छोटा आकडा तुमची खरी मर्यादा.

शिवाय २४ किलो डोक्याच्या वर उचलायचे कुणी? जिममध्ये तुम्ही ह्याच्या दुप्पट आरामात उचलत असाल, मान्य. पण बारबेल दोन्ही बाजूंनी सारखा असतो, सायकल हातात फिरते, पुढचं चाक वळून हँडल थेट टपावर आपटतं. उचलायच्या आधी पुढचं चाक एका छोट्या पट्ट्याने खालच्या पाइपला बांधून टाका, निम्मा त्रास कमी होतो. आणि ज्यांची सायकल आहे त्या एकट्याने लावू-काढू शकतील का हेही विचारा.

टपाचा दुसरा प्रॉब्लेम सगळ्यांना माहीत असतो आणि तरी होतोच, गाडीची दीड मीटर उंची अधिक वर सायकल म्हणजे अडीच मीटरच्या वर गेलात, आणि बेसमेंट पार्किंगची उंची दोन-सव्वादोन. दिवसभर सायकल चालवून दमून आलेला माणूस वर काय आहे ते विसरतो. गेटचा रिमोट असेल तर सायकली वर चढवताना तो डिकीत टाकून द्या, घ्यायला उतरावंच लागतं आणि उतरलात की वर नजर जाते. स्टिअरिंगवर कागद चिकटवणारे पण आहेत, मला विचाराल तर चौथ्या दिवशी तो कागद दिसेनासा होतो.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून शहरात टपावरच्या सायकली पेट्रोलला फारशा जाणवत नाहीत आणि हायवेवर चांगल्याच जाणवतात. काम झालं की नुसते क्रॉसबार पण काढून ठेवा, शिट्टी वाजते ती त्यांचीच.

हिच किंवा टो बारचा रॅक वापरायला सगळ्यात सुखाचा. कमरेच्या उंचीवर सायकल ठेवायची, चाकं ट्रेमध्ये, पट्टा ओढला, झालं. पण गाडी टो बारला पात्र असायला हवी, काही छोट्या गाड्यांना कंपनीने परवानगीच दिलेली नसते. बंपरला कुणीतरी वेल्डिंग करून देतो म्हणाला तर हात जोडून निघून या, आजकालचा बंपर म्हणजे वरून प्लॅस्टिकचं कव्हर असतं, टो बार गाडीच्या मूळ सांगाड्याला बोल्ट व्हायला पाहिजे. इथेही आकडा बघायचा, बारवर खाली दाबणारं वजन किती चालतं तो. छोट्या गाडीला तो ५० किलो धरा. प्लॅटफॉर्म रॅक (हाच, चाकं ट्रेमध्ये ठेवायचा) १७, ई-बाइक २४, रोड बाइक साडेआठ, झाले साडेएकोणपन्नास. म्हणजे अगदी काठावर. ई-बाइकची बॅटरी काढून गाडीत ठेवली की तीनेक किलो कमी होतात, तेवढी सवय लावून घ्यायची. बॅटरी आत ठेवलेली पावसापाण्याच्या दृष्टीनेही बरी.

हिचवर अजून एक गोष्ट कुणी सांगत नाही. सायलेन्सरचं तोंड आणि सायकलचं चाक किती लांब आहे ते वाकून बघा. गाडी अर्धा तास चालली की त्या हवेत टायर आणि रिम भाजून निघतात, कार्बनची रिम असेल तर तिच्यातलं रेझिन उष्णतेने मऊ पडू शकतं. चाक बरोब्बर तोंडासमोर येत असेल तर सायकल उलट्या दिशेने लावा किंवा ट्रेवर सरकवा. रॅकचा खुंटा हिचमध्ये खटखट करतो त्यासाठी टाइटनरचा बोल्ट असतो तो आवळायचा. आणि मागचे दिवे, इंडिकेटर, नंबर प्लेट झाकली जाते, हे स्ट्रॅपवाल्या रॅकलाही लागू आहे. तुम्ही जिथे गाडी चालवता तिथला नियम बघून घ्या, बऱ्याच ठिकाणी दिव्यांची वेगळी पट्टी आणि जास्तीची नंबर प्लेट लावावीच लागते. पार्किंग सेन्सर पण मागे सायकल दिसली की बोंबलत राहतो, आणि काही गाड्या रिव्हर्समध्ये स्वतःहून ब्रेक मारतात, ते कसं बंद होतं ते घरीच शिकून घ्या.

जागेचं म्हणाल तर स्ट्रॅपवाला रॅक भिंतीवरच्या एका हुकाला अडकतो. क्रॉसबार कपाटाच्या मागे जातात. प्लॅटफॉर्म रॅक उभा दुमडला तरी जमिनीवर चांगला कोपरा खातो आणि १७-२० किलोचं धूड रोज इकडून तिकडे करणार नाही तुम्ही. जिमच्या खोलीत भिंतीला भक्कम ब्रॅकेट ठोकून टांगता येईल, फक्त बेंच प्रेसच्या बरोब्बर वर नको.

एक पर्याय तुम्ही लिहिलाच नाहीत. दोघंच जाणार असाल तर मागची सीट पाडा आणि कार्बन आतच ठेवा. पुढचं चाक काढायचं, चेन मागच्या सगळ्यात मोठ्या दातेरी चकतीवर घ्यायची म्हणजे डिरेलर (मागचा गिअर बदलणारा भाग) आत राहतो, चेनची बाजू वर करून जुन्या चादरीवर आडवी ठेवायची. उलटी नको, हायड्रॉलिक ब्रेक असेल तर हवा लाइनमध्ये जाऊन लिव्हर स्पंजी होऊ शकतो. असं केलं तर बाहेर एकच सायकल उरते आणि तुमचा प्रश्नच बराच सोपा होतो.

थोडक्यात माझं मत. आज रात्री गाडीचं मॅन्युअल काढून दोन आकडे बघा, रूफ लोड आणि टो बारचं वजन, आणि स्पॉयलरजवळच्या कडेवर अंगठा दाबून बघा. टो बार चालत असेल आणि ई-बाइक नक्की असेल तर थेट प्लॅटफॉर्म रॅक घ्या, चाक पकडणारा, आणि एका सायकलीला २५ किलोच्या वर चालतं असं लिहिलेला. मधे स्ट्रॅपवाला घेऊन नंतर तो विकत बसण्यात अर्थ नाही. टो बार चालत नसेल तर कार्बन गाडीत आणि हायब्रिडसाठी टपावर एक ट्रे, आणि ह्या केसमध्ये ई-बाइक ह्या गाडीने न्यायचा विचार सोडून द्या. ई-बाइक अजून नुसतं बोलण्यातच असेल, वर्षातून दोन-चारदाच जायचं असेल आणि कड पत्र्याची निघाली तर स्ट्रॅपवाला चालेल, पण त्याच्यावर हायब्रिडच टांगा.

सेकंड हँड घ्यायला माझी ना नाही, लोक हौसेने घेतात आणि नवाकोरा विकतात. फक्त पट्टे बघून घ्या. उन्हात राहिलेला पट्टा रंग उडालेला आणि वाळल्यासारखा कडक लागतो, बकलजवळ दुमडून बघितलं की कडेचे धागे तुटलेले दिसतात, असा पट्टा बदलायचाच, कंपनीचे सुटे मिळतात. रबर पॅडला चिरा, लॉकची चावी फिरते का, क्रॉसबार असतील तर त्यांचे पाय तुमच्याच गाडीचे आहेत का, कारण बार एकच असला तरी पायाचा किट गाडीप्रमाणे बदलतो आणि विकणारा हे सहसा सांगत नाही. गाडीचं मॉडेल, वर्ष आणि पुढच्या ॲक्सलचा फोटो इथेच टाका, बघून कुठला ट्रे बसेल ते सांगतो.